वसईच्या वेढ्यातले अकरा दिवस

वसईचा किल्ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून कोणत्या तारखेला घेतला? प्रश्न साधा आहे. पण आपल्या मंडळाच्या कपाटातली पुस्तकं काढून टेबलावर मांडली की उत्तरं दोन येतात. काही ठिकाणी तह ५ मे १७३९ चा आणि ताबा १२ मेचा. काही ठिकाणी तह १६ मेचा आणि ताबा २३ मेचा. दोन्हीकडे मधलं अंतर सात दिवसांचंच आहे, तेव्हा छापखान्याची चूक म्हणून हात झटकता येत नाहीत.

दोन्ही तारखा बरोबर आहेत, आणि दोन्ही एकाच दिवसाच्या आहेत. पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ मध्ये पंचांग सुधारलं ते पोर्तुगालनं लगेच घेतलं. इंग्रजांनी मात्र पोपचं ऐकायचं नाही म्हणून पुढे पावणेदोनशे वर्षं जुनंच चालू ठेवलं. ते त्यांनी बदललं १७५२ मध्ये. त्या वर्षी त्यांच्याकडे २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. सतराव्या शतकात दोन हिशोबांत दहा दिवसांचा फरक होता, १७०० सालापासून तो अकरा झाला. म्हणजे १७३९ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या किल्ल्यात बसलेला इंग्रज कारकून पत्रावर ५ मे लिहीत होता, त्याच दिवशी पन्नासेक किलोमीटरवर वसईतला पोर्तुगीज १६ मे लिहीत होता. ग्रँट डफ इंग्रजी हिशोबानं लिहितो, आणि त्याच्या मागून आलेल्या पुष्कळांनी तोच हिशोब ठेवला. पोर्तुगीज कागद वाचून लिहिणारे दुसरी तारीख देतात.

एवढं आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखसुद्धा जुन्या हिशोबातली आहे, आणि त्यावरून दरवर्षी कुठे ना कुठे वाद होतोच. माझं म्हणणं वेगळं आहे. वसईच्या बाबतीत हे अकरा दिवस तळटीपेत टाकून पुढे जाण्यासारखे नाहीत. ते धरले नाहीत तर वेढ्याचा शेवटचा पंधरवडा कळतच नाही, चिमाजी अप्पा उतावळे वाटतात, आणि आपले मल्हारराव होळकर तिथे काय करत होते त्याचाही पत्ता लागत नाही. हे मला घरी पुस्तक वाचताना नाही, किल्ल्यावर भर मे महिन्यात फिरताना पटलं.

मी सिव्हिल इंजिनियर. नोकरीची बहुतेक वर्षं माळव्यात आणि निमाडात रस्ते, पूल, कालवे यांच्या कामांवर गेली. इतिहासाची पदवी नाही, मोडी अजून अडखळत वाचतो. पण खडक फोडण्यासाठी सुरुंग लावणं, पाणी लागलेल्या खड्ड्यात माणसं उतरवणं, आणि पावसाआधी काम उरकायचं म्हणून रात्र-रात्र जागणं, हे मी केलेलं आहे. म्हणून किल्ल्याकडे बघताना माझी नजर आधी जमिनीकडे जाते, तटाकडे नंतर.

इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसनं बोरिवली, तिथून लोकलनं वसई रोड, आणि पुढे गावातून किल्ला. मुद्दाम मेच्या मध्यावर गेलो. घरच्यांनी वेड्यात काढलं, कारण कोकणातल्या मे महिन्याचा घाम माळव्यातल्या माणसाला सोसत नाही. आपल्याकडे ऊन भाजतं, तिथे उकडतं. पण ज्या दिवसांत ही लढाई झाली त्या दिवसांतली जमीन मला बघायची होती.

वसईचा किल्ला म्हणजे सिंधुदुर्गासारखा पाण्यातला किल्ला नव्हे. जंजिऱ्यासारखाही नव्हे. तो तटबंदी असलेलं एक आख्खं शहर आहे. दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेकडे दलदल आणि खाजण. कोरड्या पायानं जायला वाट ती उत्तरेकडून, वाळूच्या पट्ट्यावरून. आत शिरायचे मुख्य दरवाजे दोन, एक जमिनीकडचा आणि एक खाडीच्या धक्क्याकडचा. आत जोसेफच्या चर्चचा उंच मनोरा, जेझुइटांच्या चर्चची सुंदर दर्शनी भिंत, फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन मठांचे अवशेष, फरशीत बसवलेले थडग्यांचे दगड. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला मारले गेलेले आणि पुढे १८६२ मध्ये संतपद मिळालेले गोन्सालो गार्सिया हे याच वसईत जन्मलेले. आता ताडाची झाडं, करवंदाच्या जाळ्या, लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी आणि क्रिकेट. पेशव्यांच्या काळातली देवळंही आत आहेत, चिमाजी अप्पांचं स्मारक आहे.

जाता जाता एक हिशोब. बऱ्याच माहितीपुस्तिकांत तटाची लांबी साडेचार किलोमीटर आणि आतलं क्षेत्र ११० एकर असं लिहिलेलं असतं. ११० एकर म्हणजे सुमारे साडेचार लाख चौरस मीटर. एवढ्या जागेभोवती गोल कुंपण घातलं तर ते जेमतेम २,४०० मीटरचं होतं, चौकोनी घातलं तर २,७०० च्या आत. तट कितीही वाकडातिकडा, बुरूज कितीही बाहेर काढलेले धरले तरी दोन्ही आकडे एकाच मोजणीतले वाटत नाहीत. इतिहासाची पुस्तकं वाचताना मी असे गुणाकार करत बसतो, म्हणून मंडळातले मित्र मला हसतात. हसोत.

पोर्तुगीजांना वसई मिळाली ती डिसेंबर १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाकडून. बहादूरशहानं त्याआधी तीन वर्षं मांडू जिंकून माळवा घेतलेला होता, आणि आता हुमायून त्याच्या अंगावर येत होता. समुद्राकडची कटकट मिटवायला त्यानं वसई आणि आसपासचा मुलूख देऊन टाकला. पुढच्याच वर्षी तो आणि हुमायून समोरासमोर आले ते आपल्या मंदसौरला. म्हणजे वसईच्या पहिल्या कागदावरसुद्धा माळव्याची सावली आहे. पुढची दोनशे वर्षं वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं होतं. इथला काळा दगड गलबतांतून गोव्याला जात असे. जुन्या गोव्यातल्या बाँ जेझू चर्चची दर्शनी भिंत वसईच्या दगडाची आहे.

मराठ्यांची मोहीम सुरू झाली १७३७ मध्ये. ठाणं पहिल्याच झटक्यात पडलं, साष्टी हाती आली, अर्नाळा बेट घेतलं, पण वसई हटेना. १७३८ च्या अखेरीस चिमाजी अप्पा स्वतः उतरले तेव्हा त्यांनी आधी वसईला हात घातला नाही. उत्तरेकडची माहीम, तारापूर ही ठाणी जानेवारी १७३९ मध्ये घेतली. तारापुरावर बाजी भिवराव रेठरेकर पडले. इकडे दक्षिणेत व्यंकटराव घोरपडे गोव्यात घुसले, मडगाव घेतलं, म्हणजे गोव्याच्या गव्हर्नराला वसईकडे माणूस पाठवायची सोयच उरली नाही. मुंबईकर इंग्रजांनी पोर्तुगीजांना थोडा पैसा उसना दिला, फौज दिली नाही. फेब्रुवारीत वेढा आवळला, मार्चमध्ये खाडीच्या दक्षिण तीरावरची धारावीची टेकडी आणि वेसावे हाती आले. मग उरला तो उत्तरेकडचा तट आणि त्याच्यासमोरची वाळू.

या तटाला तोफांनी भगदाड पाडायचं तर जड तोफा लागतात, आणि त्या पोर्तुगीजांच्या तोडीच्या नव्हत्या. शिड्या लावून चढायचं तर बुरुजांवरून दोन्ही बाजूंनी मारा होतो. याला बांधकामातले लोक कोनातला मारा म्हणतील. राहिला मार्ग जमिनीखालचा. मोर्चे पुढे पुढे सरकवत तटाच्या पायापर्यंत न्यायचे, तिथून भुयार खणायचं, बुरुजाच्या पोटात कोठी करायची, तिच्यात दारू भरायची, मागचं तोंड माती-दगडांनी ठासून बंद करायचं आणि बत्ती द्यायची. शत्रू वरून गोळ्या झाडतोय, दगड आणि पेटते पदार्थ टाकतोय, आणि खाली माणूस ओणवा बसून पहार चालवतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. कमरेत वाकून चार तास खणलेल्या माणसाची पाठ कशी होते ते मी पाहिलंय, आणि तिथे वरून कुणी गोळ्या झाडत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. अशा जमिनीत खणायचं म्हणजे लढाई जेवढी शत्रूशी तेवढीच पाण्याशी. मी किल्ल्यातल्या दोन विहिरींत वाकून पाहिलं, पाणी पार तळाला गेलेलं. जमिनीकडच्या दरवाज्याबाहेर ताडगोळे विकणारे एक म्हातारे बसले होते. त्यांना विचारलं, "मामा, पावसाळ्यात इथे खणलं तर पाणी किती खोल लागतं?" त्यांनी माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं, जागा विकत घ्यायला आलेला दिसतोय असं वाटलं असावं. मग म्हणाले, "साहेब, एकदा पाऊस बसला की हातभर खणा. पाणी हजर."

किनाऱ्यालगतच्या वाळूचा हा स्वभावच आहे. पावसाळ्यात भूजल वर येतं, दिवाळीनंतर हळूहळू उतरत जातं, आणि वर्षातलं सर्वांत खालचं पाणी मेच्या उत्तरार्धात असतं. म्हणजे तटाच्या पायाखाली जाऊन कोठी खणायला वर्षातला सर्वांत चांगला काळ म्हणजे नेमका मे महिना. आणि त्याच्या लगोलग येणारा जून म्हणजे सगळं काम पाण्यात. भुयारं भरून जाणार, वाळूच्या भिंती ढासळणार, मोर्च्यांचे चर म्हणजे ओढे होणार. दारू तर त्याच्याही आधी जाते. दारूतला सोरा पूर्ण शुद्ध नसला की हवेतला दमटपणा ओढून घेतो, आणि मेच्या मध्यापासून वसईची हवा कशी असते ते अंगातला सदरा सांगतो. त्या हवेत सर्दावलेली दारू पेटते, पण केव्हा आणि किती जोरानं, याचा भरवसा नाही.

इथे ते अकरा दिवस येतात. ५ मे ही तारीख आजच्या दिनदर्शिकेवर ठेवून पाहिली तर मृगाच्या पावसाला पाच आठवडे आहेत. सेनापतीनं आणखी पंधरा-वीस दिवस भुयारं नीट खणली असती, कोठ्या सुकवल्या असत्या, तरी चाललं असतं. मग एवढी माणसं खिंडारात का लोटली? या प्रश्नाला "अप्पांचा इरेस पेटलेला स्वभाव" असं उत्तर देतात आणि तोफेच्या तोंडी माझं मस्तक बांधून किल्ल्यात टाका ही गोष्ट सांगतात. पण खरी तारीख १६ मे आहे. पावसाला उरले होते साडेतीन आठवडे, तेही पाऊस वेळेवर आला तर. वळवाची एक जोरदार सर सगळं काम धुऊन न्यायला पुरेशी होती. समुद्र तर त्याआधीच खवळायला लागतो आणि गलबतं किनाऱ्याला ओढली जातात. ज्याला बांधकामाचं वेळापत्रक सांभाळायची सवय आहे तो या तारखेकडे पाहूनच सांगेल की आता थांबायला जागा उरली नव्हती. मस्तकाच्या गोष्टीला मी पुरावा धरत नाही. पण ती कुणाला सुचली असेल तर ती याच दिवसांतल्या छावणीच्या मनस्थितीतून, एवढं म्हणतो.

सुरुंग उडाले ते नव्या हिशोबानं १३ मेला, जुन्यानं २ मे. सेबास्तियन बुरुजाकडे खिंडार पडलं. पण सगळे सुरुंग एकदम उडाले नाहीत. काही आधी उडाले, भिंत कोसळलेली पाहून माणसं वर धावली, आणि मागे राहिलेले सुरुंग त्यांच्या पायाखाली उडाले. पोर्तुगीजांच्या गोळीपेक्षा वाईट मरण. आमच्या कामांवर एक नियम असे: ठरलेल्या धमाक्यांपैकी एक जरी कमी ऐकू आला तरी ठरावीक वेळ जाईपर्यंत कुणी खडकाजवळ फिरकायचं नाही. मुकादम बोटं मोडून धमाके मोजत असे. तो आकडा जुळेपर्यंत मी शिटी वाजू देत नसे. वसईला हे करता येण्यासारखं नव्हतं. खिंडारातली धूळ बसेपर्यंत थांबलं तर आतले लोक लाकडं, पिंपं, मातीची पोती टाकून ते बुजवतात. हल्ला करायचा तर तो त्या क्षणीच. आणि अनेक कोठ्यांना एकाच वेळी आग पोचायची तर प्रत्येक वातीची लांबी आणि जळण्याची गती सारखी लागते. आज आपण विजेच्या तारेनं सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशोब ठेवतो. तेव्हा दारूची ओळ किंवा वात, तीही दमट भुयारातून नेलेली. एक ओळ कोरड्या वाळूतून गेली, दुसरी ओलसर मातीतून, की अंतर पडलंच. म्हणून त्या उशिरा उडालेल्या सुरुंगांना मी कुणाचा हलगर्जीपणा म्हणणार नाही. मेच्या मध्यावरची हवा त्याला पुरेशी आहे.

पुढची लढाई खिंडारातली, हातघाईची. किल्ल्याचा सेनानी सिल्व्हेरा द मेनेझेस वेढ्यात आधीच मारला गेला होता. तहावर सही केली ती कायतान द सौझा परेरा यानं, आणि १६ मेला वसई गेली. ग्रँट डफ आकडे देतो ते असे: पोर्तुगीजांचे मेलेले आणि जखमी मिळून ८००, आणि मराठ्यांनी स्वतः कबूल केलेले ५,००० च्या वर. एका किल्ल्यासाठी. ती सगळी नावं कागदावर येत नाहीत, सरदारांची येतात. त्या पाच हजारांत भुयार खणणारे किती, हे तर कुणी वेगळं मोजलेलंच नाही.

तहाच्या अटी मात्र वाचण्यासारख्या आहेत. शिबंदीला हत्यारांसह, नगारे वाजवत, निशाणं घेऊन बाहेर पडू दिलं. सामान हलवायला आठवड्याची मुदत दिली. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे वागायची मोकळीक दिली. पाच हजार माणसं गमावल्यावर तीन दिवसांत असा तह करायला डोकं थंड लागतं, आणि पुन्हा तेच, दिवसही मोजून हातात असावे लागतात. पोर्तुगीज २३ मेला बाहेर पडले. गोव्याचा समुद्रमार्ग पावसाळ्यापुरता बंद होत आला होता, त्यामुळे त्यांतल्या पुष्कळांना मुंबईत इंग्रजांच्या आश्रयाला दिवस काढावे लागले. ५ मे धरली तर हे लोक मुंबईत का अडकले तेही नीट लक्षात येत नाही.

आता मल्हाररावांकडे. आपल्या इंदुरात वसईचा विषय निघाला की "आपले सुभेदार तिथे होते" असं अभिमानानं सांगतात, आणि ते खरं आहे. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे दोघेही वसईच्या शेवटच्या लढाईत होते. पण ते तिथे होते याचा अर्थ ते दुसरीकडे नव्हते, आणि तो दुसरीकडचा प्रसंग लहान नव्हता. फेब्रुवारी १७३९ मध्ये नादिरशहानं कर्नाळला, म्हणजे पानिपताजवळच्या कर्नालला, मुघल फौज मोडली. मार्चमध्ये दिल्लीत कत्तल झाली. तो पुढे दक्षिणेकडे वळतो की काय, ही धास्ती सगळीकडे होती. बाजीराव खानदेशात बऱ्हाणपुराकडे होते आणि त्यांना नर्मदेच्या रोखानं फौज हवी होती. फौज कुठे होती? वसईच्या वाळूत. वेढा उठवून जावं तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात. न जावं तर माळवा उघडा. होळकर आणि शिंदे यांनी किल्ला पडेपर्यंत वसई सोडली नाही.

नादिरशहा दिल्लीहून परत निघाला तो ७ सफर ११५२ रोजी. नव्या हिशोबानं ही तारीख १६ मे १७३९. जुन्या हिशोबानं ५ मे. म्हणजे ज्या दिवशी वसईत तहावर सही होत होती त्याच दिवशी दिल्लीत नादिरशहाचा तळ हलत होता. एका पुस्तकातून एक तारीख आणि दुसऱ्यातून दुसरी घेतली तर या दोन घटनांत अकरा दिवसांचं अंतर पडतं, आणि मग कुणीही लिहून जाईल की नादिरशहा परतल्याची बातमी लागली म्हणून मराठे निर्धास्तपणे वसईवर तुटून पडले, किंवा वसई पडल्याचं ऐकून नादिरशहा परतला. दोन्ही कथा रंगतदार, दोन्ही खोट्या. वसईच्या खिंडारात उभ्या असलेल्या माणसाला उत्तरेकडचं संकट टळलंय हे माहीत असणं शक्यच नव्हतं. शेवटच्या हल्ल्यांमागे पाऊस होता आणि नादिरशहाही होता.

तारीख कोणत्या हिशोबातली हे ओळखायचं कसं, असं मंडळात मला नेहमी विचारतात. उपाय आकाशात आहे. पोपनं तारखा बदलल्या, चंद्र बदलला नाही. आपल्या मराठी कागदांवर तिथी असते किंवा मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो, आणि तो खोटं बोलत नाही. आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. रावेरखेडीला, नर्मदेच्या काठी, बाजीराव वारले ती तारीख आपण २८ एप्रिल १७४० म्हणतो. तिथी वैशाख शुद्ध त्रयोदशी, शके १६६२. नव्या हिशोबानं त्या वर्षी वैशाखी पौर्णिमा येते ११ मेच्या सुमाराला. त्रयोदशी त्याच्या दोन दिवस आधी, म्हणजे ९ मे. ९ मधून अकरा दिवस मागे गेलं की २८ एप्रिल. जुळलं. २८ एप्रिल ही नव्या हिशोबातली धरली असती तर त्या रात्री अमावास्या नुकतीच सरलेली असती, त्रयोदशीचा चंद्र आलाच नसता. वसईचंही तसंच. १६ मेला वैशाखाचा शुद्ध पक्ष निम्म्यावर येतो, आणि सफरच्या सातव्या चंद्राशी ते बरोबर बसतं. आजच्या दिनदर्शिकेतली ५ मे धरली तर वद्य पक्षाचा शेवट येतो. हे गणित करायला मोडी लागत नाही, पर्शियन लागत नाही, दहा मिनिटं आणि एक पेन्सिल लागते.

रावेरखेडीला आपण एप्रिलच्या अखेरीस जातो तेव्हा नर्मदेवरचं ऊन आणि लू बाजीरावांना ज्या दिवसांत लागली त्यापेक्षा दहा-बारा दिवस अलीकडची असते. फार फरक नाही, पण ज्यांना तो अंगावर घ्यायचा असेल त्यांनी तिथीनं जावं.

किल्ल्याच्या उत्तर तटाकडे मी संध्याकाळी पुन्हा गेलो, ऊन उतरल्यावर. कारण याच बाजूनं वसई दुसऱ्यांदाही पडली. १७८० मध्ये इंग्रज जनरल गॉडर्ड आला तो नोव्हेंबरात. पावसाळा सरलेला, जमीन घट्ट झालेली, समोर सात महिने कोरडे. त्यानं भुयारं खणलीच नाहीत. तोफांचे मोर्चे आधी नऊशे यार्डांवर लावले, मग पाचशेवर आणले, उखळी तोफा आणल्या, आणि ११ डिसेंबरला किल्ला घेतला. महिनाभराच्या आत. वेढा उठवायला आलेले रामचंद्र गणेश लढाईत पडले. सालबाईच्या तहानं १७८२ मध्ये वसई परत मिळाली खरी, पण चाळीस वर्षांत किल्ले घेण्याची विद्या कुठल्या कुठे गेली होती, आणि ती आपल्या बाजूनं गेली नव्हती. चिमाजी अप्पांना तीन महिने आणि पाच हजार माणसं लागली त्यांत त्यांच्या तोफखान्याचं दुबळेपण किती, हे गॉडर्डच्या चार आठवड्यांवरून मोजता येतं. आपण विजयाची वर्षगाठ साजरी करतो तेव्हा ही बाजू कुणी काढत नाही.

तिसऱ्यांदा वसईला वेढा पडला नाही, तरी जायचं ते गेलंच. २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या फौजा मोडल्या. दुसरे बाजीराव पुण्याहून पळाले, कोकणात उतरले आणि डिसेंबरच्या मध्यावर इंग्रजांच्या जहाजातून वसईला आले. तिथे कर्नल क्लोजशी झालेल्या तहानं पेशव्यानं इंग्रजांची फौज पदरी घेतली, तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला आणि परराज्यांशी बोलायचा हक्क सोडला. पहिल्या होळकरानं ज्या किल्ल्यासाठी माळवा उघडा टाकून तळ ठोकला, त्याच किल्ल्यात पेशव्याला आणून बसवलं ते सहाव्या दशकानंतरच्या होळकराच्या भीतीनं.

खाडीकडच्या दरवाज्यातून बाहेर पडलं की कोळ्यांच्या होड्या लागतात, वाळत घातलेली मासळी, जाळी. बाजीराव उतरले असतील ते याच बाजूच्या धक्क्यावर. तहाची तारीख ३१ डिसेंबर १८०२. तोवर इंग्रजांनीही पंचांग बदललेलं होतं, तेव्हा या तारखेत काही मिळवायचं नाही, काही वजा करायचं नाही.